नेट बदलायचंय? आधी पोरांच्या ग्रुपवर काय बोलतायत ते विचारा

मागच्या वर्षीची गोष्ट. महिन्याची २० तारीख, रात्रीचे साडेनऊ, माझ्या दोन क्लायंटचे थ्रीबी, म्हणजे जीएसटीचे रिटर्न, भरायचे राहिलेले (मी घरूनच छोट्या दुकानदारांचं जीएसटीचं काम बघते) आणि पोर्टलवर चक्र फिरतंय ते फिरतंयच. मला वाटलं शेवटची तारीख आहे, साईटवर लोड आला असणार. तेवढ्यात थोरला आतून आला आणि म्हणाला, "आई, साईट नाही गं, आपलंच नेट मेलंय. रोज नऊनंतर मरतं. आपल्या गल्लीतली तीन पोरं दोन महिने हेच बोलतायत ग्रुपवर." आणि खरं म्हणजे हे त्याने आम्हाला आधी दोनदा सांगितलेलं, पण आम्ही दोघांनी ते 'गेमला स्पीड पाहिजे याला' असं धरून सोडून दिलेलं. त्या रात्री त्याच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून रिटर्न भरले, अकरा वाजून गेले, मग मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, सांग बाबा, काय काय बोलतायत तुमची पोरं.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही कनेक्शन बदललं, आणि पुढे आमच्या सोसायटीतल्या चार घरांना त्यांच्या नेटच्या भानगडीत मदत केली. सगळीकडे एकच बघितलं, की सही बाबा करतात, पैसे आईबाबा भरतात, पण कुठलं नेट घ्यायचं हे पोरांच्या चॅटमध्ये आधीच ठरलेलं असतं. मग ते नीट वापरून कसं घ्यायचं, त्यातलं काय धरायचं नि काय सोडायचं, ते सविस्तर लिहितेय, कारण मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी हे समजून घ्या की नेट बिघडलंय हे पोरांना पहिलं का कळतं. आपण टीव्हीवर काही बघतो तेव्हा ॲप पुढचा थोडा भाग आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे नेट मधे दहा सेकंद अडखळलं तरी आपल्याला पत्ताच लागत नाही. पण पोरं एकमेकांशी बोलत बोलत खेळतात, डिस्कॉर्डवर किंवा व्हॉट्सॲप कॉलवर असतात, तिथे आधी उतरवून ठेवायला काही नसतंच, बोललेला शब्द त्याच क्षणी पोचायला लागतो. अर्धा सेकंद अडकला तरी समोरचा म्हणतो तुझा आवाज रोबोटसारखा येतोय. म्हणून ज्या घरात मोठ्यांना सगळं चांगलं वाटतं तिथे पोरगं चिडचिड करतं, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. हे एकदा कळलं ना की निम्मी भांडणं मिटतात.

दुसरं म्हणजे वेळ. कंपनीचा माणूस दुपारी येतो, दुपारी स्पीड टेस्ट करून दाखवतो, सगळं फर्स्टक्लास दिसतं. रात्री नऊ ते अकरा अख्खी बिल्डिंग घरी असते, तेव्हा काय होतं ते सेल्सवाला सांगत नाही, त्याला माहीतही नसतं. ते पोरांना माहीत असतं.

आता विचारायचं कसं. मुलांचा फोन मागून चॅट वाचायला जाऊ नका. ते त्यांचं आहे, आणि एकदा का तसं केलंत की पुढच्या वेळी ते काहीच सांगणार नाहीत. त्यांनाच म्हणायचं की तुझ्या ग्रुपवर एवढं विचारून दे. आणि 'कुठलं नेट चांगलं' असं मोघम विचारायचं नाही, त्याला पन्नास उत्तरं येतात आणि सगळी आपापल्या घरची. आम्ही चार गोष्टी विचारायला लावल्या: तुझी बिल्डिंग किंवा गल्ली कुठली, रात्री दहाला पिंग (हाक जाऊन परत यायला लागणारा वेळ, पुढे सांगते) आणि अपलोड (आपल्याकडून वर पाठवायचा वेग) किती येतो, वायफायवर बघितलास का केबल लावून, आणि हे कनेक्शन किती महिन्यांपासून आहे. बस.

उत्तरं कशी आली बघा. एकाने लिहिलं, "भाई माझ्याकडे ३०० चा प्लॅन, मक्खन चालतो." विचारलं कुठे राहतोस, तर बाणेर. आम्हीही पुण्यातच, पण सिंहगड रोडला, त्याच्या बाणेरच्या मक्खनाचा आम्हाला काय उपयोग, कंपनी तीच असली तरी तिथली लाईन वेगळी, पेटी वेगळी, एका पेटीवर किती घरं टाकलीत ते वेगळं. दुसऱ्याने लिहिलं, "आमच्याकडे सेम प्रॉब्लेम, नऊनंतर पिंग १८०, सकाळी १२." हा आमच्या मागच्याच गल्लीतला, आणि नेटवालाही आमचाच. हे उत्तर सोन्यासारखं. आणि तिसरी एक मुलगी, दोन बिल्डिंग सोडून राहणारी, तिने वेगळी कंपनी घेऊन आठ महिने झालेले, तिने सलग चार रात्रींचे आकडे टाकले, पिंग १० ते १५ च्या मध्ये, अपलोड जवळपास पूर्ण, आणि खाली लिहिलं, "पावसाळ्यात दोनदा गेलं होतं, एकदा दीड दिवस." एवढं प्रामाणिक उत्तर तुम्हाला कुठल्या जाहिरातीत मिळणार? आम्ही तिच्याच उत्तरावर पुढे गेलो.

पिंग म्हणजे काय हे मीही तेव्हाच शिकले. आपल्याकडून निघालेली हाक समोर पोचून परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात मोजतात. बऱ्याच गेमचे सर्व्हर मुंबईत असतात, पुण्याहून मुंबई दीडशे किलोमीटर, फायबरमधून प्रकाश हे अंतर जाऊन येऊन दोन-तीन मिलिसेकंदांत कापतो. म्हणजे तुमच्याकडे १५-२० येत असेल तर उत्तम, आणि १५० येत असेल तर तो वेळ अंतराचा नाही, मधे कुठेतरी गर्दी आहे. एकतर तुमच्या घरातल्या वायफायमध्ये, नाहीतर नेटवाल्याच्या लाईनमध्ये. कुठे, ते शोधणं हे पुढचं काम.

यासाठी एक आठवडा द्या. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दहाला टेस्ट घ्या, मोबाईलवर ट्रायचं (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) मायस्पीड ॲप आहे ते चालेल, पोरं जे वापरतात तेही चालेल, फक्त रोज तेच वापरा आणि वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. शक्य असेल तर लॅपटॉपला लॅन केबल लावून, कारण वायफायवर घेतलेला आकडा अर्धा तुमच्या भिंतींचा असतो. आणि एक टेस्ट मुद्दाम अशी घ्या, की कोणाच्यातरी मोबाईलवर फोटोंचा बॅकअप चालू करा आणि तेव्हा पिंग बघा. आमच्याकडे इथेच पिंग एकदम २० वरून २०० वर जायचा, कारण प्लॅनमध्ये डाउनलोड मोठा आणि अपलोड चिमूटभर होता, एक फोन फोटो चढवायला लागला की सगळ्यांची हाक मागे अडकायची. मोठ्यांना अपलोडचं महत्त्व कळतच नाही, पण व्हिडिओ कॉल, मुलांच्या असाइनमेंट, माझे पीडीएफ, सगळं अपलोडच आहे.

आणि हो, प्लॅनचा स्पीड एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट असा सांगतात, आणि फाईल एमबीत, म्हणजे मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एमबीपीएसला आठने भागायचं. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. पोरगं म्हणतं १०० घेतलं आणि डाउनलोड १२ नेच होतंय, फसवलं, तर फसवलेलं नसतं.

कंपनीला शिव्या घालायच्या आधी घरातलं बघा. चार घरांपैकी एका घरात कनेक्शन बदलायची गरजच नव्हती, राउटर चपलांच्या कपाटात ठेवलेला होता आणि पोराची खोली दोन भिंती पलीकडे. तो बाहेर काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला आणि काम झालं. पेठांमधल्या जुन्या घरांना जाड भिंती असतात, तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीत दम सोडतं, २.४ वालं लांब जातं पण हळू असतं, आणि शेजारच्या दहा घरांचं वायफाय त्याच २.४ वर कलकलाट करत असतं. अशा घरात खेळणाऱ्याच्या किंवा काम करणाऱ्याच्या टेबलापर्यंत सरळ एक केबल ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. केबल घेताना आठही तारा जोडलेली घ्या, चारच तारा जोडलेल्या असतील तर १०० च्या वर जात नाही. जुन्या राउटरचं पोर्टही बऱ्याचदा १०० चंच असतं, मग वर २०० चा प्लॅन घेऊन त्या केबलवर काही फरक दिसत नाही.

आता पोरांच्या चॅटमध्ये काय नसतं ते सांगते, कारण नुसतं तेवढ्यावर ठरवलं तर पस्तावाल.

त्यांच्या गप्पांमध्ये सकाळ नसते. माझी नणंद मेलबर्नला, तिचा कॉल आपल्या सकाळी आठला येतो, सासूबाई आंघोळ-पूजा उरकून साडेसातपासून टॅब पुढ्यात घेऊन बसतात. कॉल अडकला की त्या कोणाला काही बोलत नाहीत, नुसतं "आज तिचं तोंड नीट दिसलं नाही" म्हणतात. हे कुठल्याच ग्रुपवर येणार नाही. म्हणून ठरवण्याआधी एकदा सगळ्यांना जेवायला बसल्यावर विचारा, की तुला नेट कधी लागतं आणि अडलं तर काय अडतं. आजीलाही विचारा, धाकटीलाही. आमच्याकडे एकाच वेळी जास्तीत जास्त काय चालतं ते कागदावर मांडलं: टीव्हीवर फोर-केला नेटफ्लिक्सवाले १५ एमबीपीएस सांगतात, धाकटीच्या मोबाईलवर एचडी व्हिडिओला ५, माझ्या व्हिडिओ मीटिंगला ३-४, थोरल्याच्या गेमला एकसुद्धा लागत नाही, गप्पांना तर त्याहून कमी. सगळं मिळून तीसच्या आत. ग्रुपवर मात्र सगळे ३०० च्या गोष्टी करत होते. थोरल्याने हा हिशोब स्वतः केला आणि स्वतःच म्हणाला, की १०० पुरे, पण स्टेबल पाहिजे. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

लाईटचंही तसंच. पुण्यात गुरुवार म्हटलं की महावितरणचं दुरुस्तीचं काम, हे आपल्याला पाठ आहे. घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, तरी नेट जातं, असं का? बऱ्याच लोकल नेटवाल्यांची लाईन गच्चीवरच्या स्विचमधून (घरोघरी नेट वाटणारा डबा) खाली येते, त्या स्विचला लाईट लागते, त्याचा बॅकअप संपला की अख्खी बिल्डिंग बंद. फायबर थेट घरात आली असेल तर मधल्या वाटणीच्या पेटीला वीज लागतच नाही, घरातल्या दोन डब्यांना, एक फायबरचा आणि एक राउटर, मिळाली की झालं. म्हणून विचारा, फायबर माझ्या घरात येणार का गच्चीपर्यंतच? हा एक प्रश्न विचारला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तोही घेऊन टाका.

वायर कुठून येते तेही बघा. झाडांवरून, खांबांवरून लोंबत येणारी वायर पहिल्या मोठ्या पावसात तुटते, गणपतीत मांडव घालताना ओढली जाते. डक्टमधून (बंद नळीतून) आलेली बरी. हे वॉचमनला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, कुठल्या कंपनीची माणसं सारखी दुरुस्तीला येतात हे वॉचमनइतकं कोणालाच माहीत नसतं. काही नव्या कॉम्प्लेक्समध्ये एक-दोनच कंपन्यांना आत घेतलेलं असतं, तिथे पोरांनी कितीही दुसरं सुचवलं तरी उपयोग नाही, म्हणून हे आधी विचारायचं. फायबर पोचतच नसेल तर एअरफायबर आहे, जिओचं २०२३ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं तेव्हा पहिल्या ८ शहरांत पुणे होतंच, पण ते टॉवरवरून हवेतून येतं, त्यामुळे टॉवरचा सिग्नल आणि त्या भागातली गर्दी यावर सगळं अवलंबून. गेमवाल्या पोराला विचारूनच घ्या, आणि तेही त्याच बिल्डिंगमधल्या कोणाकडे असेल तर.

आणखी एक, रेफरल. ग्रुपवर कोणी एखाद्या कंपनीचं फार कौतुक करत असेल आणि खाली कोड टाकत असेल तर समजा की त्याला त्यातून महिना फ्री मिळणार आहे. यात वाईट काही नाही, पोराला फक्त एवढंच विचारायला सांगा की कोड काढून बोल, चालतं कसं? आणि हे घरी ठामपणे सांगून ठेवा की बिलाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही, त्यावर ग्राहक नंबर, पत्ता, बाबांचा मोबाईल सगळं असतं. वायफायचा क्यूआर कोड टाकायचा नाही. 'तीन महिने फ्री, लिंकवर क्लिक करा' असलं काही फॉरवर्ड आलं तर उघडायचं नाही, ओटीपी तर कोणालाच नाही.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतला आकडा जीएसटी सोडून असतो, वर १८ टक्के. ६९९ चा प्लॅन म्हणजे हातात ८२५ चं बिल. 'अनलिमिटेड' लिहिलेलं असलं तरी महिन्याला एक मर्यादा असते, बऱ्याच मोठ्या कंपन्यांकडे ३.३ टीबी, ती साध्या घराला पुष्कळ झाली. लोकलवाल्याची मात्र विचारून घ्या, आणि मर्यादा संपल्यावर स्पीड किती राहतो तेही. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं म्हणून सगळेच गळ घालतात, पण पहिले दोन महिने महिन्याच्या महिन्याला घ्या, भले शंभर-दोनशे जास्त जाऊ देत. आम्ही जुन्याकडे वर्षाचे भरून बसलो होतो, म्हणूनच दोन महिने ऐकून घेत राहिलो. इन्स्टॉलेशनचे किती, राउटर तुमचा का त्यांचा, डिपॉझिट परत कधी, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

मोबाईलसारखं हे पोर्ट होत नाही, म्हणजे नवं बसवायचं आणि मग जुनं बंद करायचं. मधे पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा. आणि दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर काहीही बदलू नका, एप्रिल-मे बरा, पाऊस सुरू व्हायच्या आत वायर ओढून होते.

बसवायला माणूस येईल तेव्हा पोराला घरी थांबवा. त्याच्याकडे सिग्नल मोजायचं मीटर असतं, त्यावरचा आकडा दाखवायला सांगा, मायनस १५ ते मायनस २५ च्या मध्ये असला की ठीक, त्याच्याही पुढे मायनस २७ वगैरे असेल तर जोड परत करायला लावा, नाहीतर पुढे उगाच तुटतुट होते. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल लागला की फायबर कुठेतरी तुटलीय किंवा निघालीय, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही, सरळ तक्रार करायची. हे सासूबाईंनाही दाखवून ठेवलंय, त्या आता फोनवर बरोबर सांगतात, "लाल दिवा लागलाय, माणूस पाठवा."

तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्यायचाच. तेवढ्याने भागलं नाही तर प्रत्येक कंपनीला वरचं अपील ऐकणारा अधिकारी ठेवावा लागतो, त्याचा पत्ता त्यांच्या साईटवर असतो, आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. आठवडाभराचे ते स्क्रीनशॉट इथे कामाला येतात. जुनं बंद करताना राउटर परत दिल्याची पावती घ्या, आम्ही घेतली नव्हती आणि डिपॉझिटसाठी चार महिने फोन केले.

आणि सगळं झाल्यावर महिन्याने पोराला ग्रुपवर परत लिहायला सांगा, कारण विचारणारा दुसरा कोणीतरी रोज असतोच. थोरल्याने लिहिलं होतं ते असं: "सिंहगड रोड, तिसरा मजला, फायबर घरात, १०० चा प्लॅन. केबल लावून रात्री दहाला पिंग १४, अपलोड ९५. महिन्यात एकदा गेलं, चार तास. आईचे रिटर्न वीस तारखेला दहा मिनिटांत झाले."